सोयाबीन दरवर्षी पिवळं पडतंय? युरियाचं पोतं फोडायच्या आधी मुळं बघा

जुलै सरत आला की बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीपासून खानापूर-बैलहोंगलपर्यंत एकच प्रश्न फिरत असतो. मिरगात पेरणी झाली, उगवण झकास झाली, एक कोळपणीही उरकली, आणि तरण्या पावसाची झड संपते न संपते तोच रान पिवळं पडायला लागलं. मग बांधावरून पानांचा फोटो काढायचा, व्हॉट्सॲपवर टाकायचा आणि खाली विचारायचं, "अण्णा, युरिया टाकू काय?" गेल्या साली टाकलेलाच असतो. दहा-बारा दिवस रान हिरवं दिसलं आणि पुन्हा तेच. पुढच्या साली पुन्हा तोच फोटो.

नुसता पानांचा फोटो बघून याचं उत्तर देता येत नाही. सोयाबीनला लागणारं निम्म्याहून जास्त नत्र मुळांवरच्या गाठींत तयार होऊ शकतं, आणि ते काम जिवाणू करतात. रान दरवर्षी पिवळं पडत असेल तर त्या जिवाणूंचं कुठंतरी अडलेलं असण्याची शक्यता मोठी. काय अडलंय ते कळलं की उपाय बहुतेक वेळा स्वस्तातला निघतो. न कळताच पोतं फोडलं तर अडलेलं आणखी अडतं.

## आधी पान बघा, पण कुठलं?

पेरून तीन आठवडेच झाले असतील तर थोडं थांबा. बियाच्या डाळिंब्यांत साठलेलं नत्र तोवर संपलेलं असतं आणि गाठी अजून कामाला लागलेल्या नसतात. या मधल्या दिवसांत रान जरा फिकट दिसतंच, आणि गाठी सुरू झाल्या की आपोआप सावरतं. या वेळी युरिया टाकणाऱ्याला वाटतं, युरियानं रान सुधारलं. ते तसंही सुधारणारच होतं.

महिना उलटून गेल्यावरही पिवळं असेल तर मात्र खाली वाका. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं. म्हणून खालची पानं आधी, आणि सगळं पान सारखंच फिकट होतं. खालची पानं हिरवी आणि शेंड्याची पिवळी असं दिसलं तर तो नत्राचा विषय नाही. शेंड्याच्या पानाच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल तर लोह मिळत नाहीये. चुनखडीच्या काळ्या रानात, अथणी-रायबाग-बैलहोंगलच्या बाजूला, पाणी साचल्यावर हे हमखास दिसतं. तिथं हिराकस (फेरस सल्फेट) लिटरला ५ ग्रॅम घेऊन, थोडं लिंबूसत्व टाकून फवारलं तर आठवड्यात फरक कळतो. युरिया कितीही टाकला तरी कळत नाही. शेंड्याची पानं शिरांसकट फिकट असतील तर गंधकाचा संशय घ्या, विशेषतः वर्षानुवर्षं नुसत्या डीएपीवर पीक काढणाऱ्यांनी. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये साधारण ११ टक्के गंधक असतं, डीएपीत ते मिळत नाही.

पानावर भडक पिवळे आणि हिरवे चट्टे एकमेकांत मिसळलेले असतील तर तो पिवळा मोझॅक. पांढऱ्या माशीतून पसरणारा विषाणू आहे. ती झाडं दिसताक्षणी उपटून रानाबाहेर न्या.

आणखी एक कारण आपल्याकडं कुणी फारसं धरत नाही. त्या रानात आधी ऊस किंवा मका होता आणि तणासाठी ॲट्राझिन मारलं होतं, असं असेल तर त्याचा उरलेला अंश सोयाबीनला बाधतो. खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडतात, मग वाळून तपकिरी होतात. जिवाणू बिचारे यात निर्दोष.

हे सगळं वगळून खालची पानं सारखी पिवळी पडतायत असं ठरलं, तर पुढचं वाचा.

## खुरपं घ्या आणि रोप काढा

रोप बुडख्याला धरून ओढू नका. गाठी मुळाला हलक्याशा चिकटलेल्या असतात. ओढलं की त्या मातीतच राहतात आणि आपण म्हणतो, गाठीच नाहीत. रोपापासून वीतभर अंतर सोडून खुरपं किंवा कुदळ खोल घाला, ढेकळासकट रोप उचला आणि बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. माती आपणहून सुटू द्या. घाई करून चोळू नका. पिवळ्या जागेतली दोन-तीन आणि त्याच रानातल्या हिरव्या जागेतली दोन-तीन रोपं काढा, म्हणजे तुलना होते. हिरवी जागा बहुतेक वेळा बांधाजवळ किंवा रानाच्या वरच्या अंगाला सापडते. ही खूण लक्षात ठेवा.

आता मुळं पाण्यातून वर काढून बघा. गाठी ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढ्यापर्यंत असतात, बाहेरून खरखरीत, मातकट. मुख्य मुळावर, जमिनीलगतच्या चार बोटांत गाठींचा घोस असेल तर ते कल्चरचं, म्हणजे पेरणीआधी बियाला लावलेल्या जिवाणूंचं काम. मुख्य मूळ मोकळं आणि लांबच्या बारीक मुळांवर एखाददुसरी गाठ असेल तर बियावरचं कल्चर जगलं नाही, जमिनीत आधीपासून असलेल्या जिवाणूंनी उशिरा जमेल तेवढं केलं. फुलोऱ्याच्या सुमारास रोपाला आठ ते वीस चांगल्या मोठ्या गाठी असल्या की चिंतेचं कारण नाही. शंभर बारक्या गाठी दिसल्या म्हणून हुरळून जाऊ नका, त्या बऱ्याचदा कामचुकार असतात.

सूत्रकृमींच्या, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींच्या गाठींशी घोटाळा होतो. कल्चरची गाठ मुळाच्या कडेला बसलेली असते, नखानं ढकलली की टपकन सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ते मोडल्याशिवाय सुटत नाही.

मग खरी परीक्षा. चार-पाच गाठी नखानं चिरा. आत लाल किंवा गुलाबी असेल तर गाठ काम करतेय. पांढरी असेल तर एक तर कोवळी आहे, नाही तर जिवाणू नुसता बसून खातोय. हिरवट असेल तर काम करत होती आणि आता थांबली. तपकिरी, मऊ आणि वास मारणारी असेल तर कुजली. चिरल्या चिरल्या बघा. उघड्या हवेत लाल रंग लवकरच तपकिरी पडतो आणि चांगल्या गाठीवर उगाच शिक्का बसतो.

## लाल रंगाचं कारण

हवेत ७८ टक्के नत्रवायू आहे, पण झाडाला त्याचा काही उपयोग नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं इतके घट्ट धरून असतात की खताच्या कारखान्यात ते सोडवायला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीड-दोनशे पट दाब लागतो. ब्रॅडीरायझोबियम नावाचा जिवाणू तेच काम सोयाबीनच्या मुळात, आपल्या रानातल्या साध्या उबेत, नायट्रोजिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर करतो.

पण या विकराला प्राणवायूचं वावडं आहे. प्राणवायू लागला की तो निकामी होतो. उलट जिवाणूला श्वास घ्यायला प्राणवायू लागतोच. झाडानं यावर काढलेला तोडगा म्हणजे तो लाल रंग. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातलं लेगहिमोग्लोबिन गाठीत भरलेलं असतं. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि जिवाणूला मोजून मापून पोचवतं. म्हणून लाल म्हणजे चालू. शेंगवर्गाची पिकं हवेतलं नत्र घेतात हे हेलरीगेल आणि विल्फार्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये मांडलं. गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला तो हॉलंडच्या बायरिंकनं, १८८८ मध्ये. हरभऱ्याचं, शेंगांचं (भुईमुगाचं) बिवड चांगलं, म्हणजे त्यांच्या मागून घेतलेलं पीक चांगलं येतं, हे आपल्या म्हाताऱ्या माणसांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं, ते असं.

हा सगळा अर्धेलीचा व्यवहार आहे. झाड पानात तयार झालेली साखर खाली पाठवतं, जिवाणू त्या बदल्यात नत्र देतो. जिवाणूला ही मेहनत स्वस्तात पडत नाही, त्यामुळं साखरेचा वाटा मोठा असतो. आता मालकाला बाहेरून आयतं नत्र मिळालं तर तो अर्धेलकऱ्याला कशाला पोसेल? मुळांभोवती युरियाचं नायट्रेट वाढलं की झाड गाठींचा प्राणवायू आणि साखर आखडतं, नव्या गाठी धरणं थांबतं, जुन्या हिरवट पडतात. दहा-बारा दिवसांनी युरिया संपतो आणि तोवर गाठी बसलेल्या असतात. दरवर्षीच्या पिवळेपणातला एक मोठा भाग असा आपणच ओढवून घेतलेला असतो.

हिशोबही बघा. सोयाबीनच्या एका क्विंटल दाण्यात साधारण सहा किलो नत्र असतं. एकरी आठ क्विंटल उतारा धरला तर नुसत्या दाण्यांतून ४८ किलो नत्र रानाबाहेर जातं. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात नत्र भरतं २०.७ किलो. म्हणजे दाण्यांपुरतीच दोन पोत्यांच्या वर गरज आहे, आणि टाकलेल्या पोत्यातलं सगळं पिकाला मिळत नाही. गाठींची जागा पोत्यानं भरून काढायचा हिशोब बसत नाही. सुरुवातीला एकरी एका डीएपीच्या पोत्यातून ९ किलो नत्र जातं, गाठी कामाला लागेपर्यंत तेवढं भागतं.

## गाठीच नाहीत

आपल्याकडच्या जमिनीत सोयाबीनचा जिवाणू मुळातला नाही, कारण पीकच बाहेरून आलेलं. शेंगा, चवळी, मूग, उडीद, तूर यांना चालणारे जिवाणू इथल्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, म्हणून शेंगांना कुणी कल्चर लावलं नाही तरी गाठी येतात. सोयाबीनच्या आवडीनिवडी कडक. ज्या रानात दहा-पंधरा वर्षं सोयाबीन होतंय तिथं त्याचा जिवाणू बऱ्यापैकी रुळलेला असतो, कल्चरनं फरक पडतो तो थोडा. पण तंबाखू बंद करून पहिल्यांदा सोयाबीन धरलं, किंवा वर्षानुवर्षं उसाचं रान मोडलं, तर तिथं कल्चरशिवाय गाठींची आशा धरू नका. निपाणी भागात अशी रानं पुष्कळ आहेत.

"कल्चर लावलं होतं की, तरी गाठी नाहीत," असंही बरेच म्हणतात. मग तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, पाकीट कुणाचं होतं? हरभऱ्याचं रायझोबियम सोयाबीनला चालत नाही, सोयाबीनचं हरभऱ्याला चालत नाही. दुकानात घाईच्या दिवसांत 'रायझोबियम द्या' म्हटलं की हाताला लागेल ते पाकीट मिळतं. आपल्याकडं पाकिटावरचा मजकूर बहुतेक वेळा कन्नडमध्ये, त्यामुळं वाचायचं राहून जातं. सोयाबीनला 'सोया अवरे', हरभऱ्याला 'कडले', तुरीला 'तोगरी' असं लिहिलेलं असतं. घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या, ते सरसर वाचतं.

दुसरी, पाकीट जिवंत होतं काय? आत पावडर दिसते म्हणून ती पावडर असं नाही, ती जिवंत वस्तू आहे. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पावडरच्या कल्चरमध्ये ग्रॅममागं किमान पाच कोटी जिवंत जिवाणू असायला पाहिजेत, पातळ कल्चरमध्ये मिलिलिटरमागं दहा कोटी. २५० ग्रॅमच्या पाकिटात म्हणजे साडेबाराशे कोटी. ते दहा किलो बियाला लावलं तर एका दाण्याच्या वाट्याला दीडेक लाख येतात. तेच पाकीट पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेचा उन्हाळा काढून आलं असेल तर आत किती उरले असतील? मुदतीची तारीख बघा, आणि दुकानात पाकिटं कुठं ठेवलीत तेही बघा. दाराच्या उन्हात पसरलेलं पाकीट मुदतीतलं असलं तरी घेऊ नका.

तिसरी, बियाला लावताना काय झालं? इथंच सगळ्यात जास्त मरतुक होते. क्रम ठरलेला आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते वाळल्यावर शेवटी कल्चर, तेही पेरणीच्या अगदी तोंडावर. सगळं एकाच घमेल्यात कालवलं तर कल्चर तिथंच संपतं. तांबेयुक्त औषधं आणि कॅप्टान हे बुरशीनाशक तर जिवाणूंना विषच. अर्धा-पाऊण लिटर पाण्यात मूठभर गूळ उकळून पूर्ण गार करायचा. कोमट चालत नाही, पूर्ण गार. त्यात दहा किलो बियाला २५० ग्रॅमचं पाकीट कालवायचं, पातळ कल्चर असेल तर बाटलीवर लिहिलेल्या मापानं. बी गोणपाटावर पसरून वरून शिंपडायचं आणि हलक्या हातानं उलथपालथ करायचं. सोयाबीनचं टरफल नाजूक, घासलं की सुटतं आणि उगवण जाते. सावलीत तास-अर्धा तास सुकवून त्याच दिवशी पेरायचं. दुपारी कुरी थांबवून जेवायला बसताना बियाचं पोतं उन्हात ट्रॅक्टरवर पडलेलं असतं. ते झाडाखाली ठेवा.

कंपनीचं बी आधीच औषध लावून, लाल-निळं रंगवून येतं. अशा बियाला कल्चर लावायचंच असेल तर दुप्पट घ्या. किंवा चाळलेल्या ओलसर शेणखतात कल्चर मिसळून पेरणीबरोबर ओळीत सोडा. नव्या रानात मला हा दुसरा मार्ग जास्त खात्रीचा वाटतो.

## गाठी आहेत, पण आत लाल नाही

माझ्या मते आपल्या भागातलं पहिल्या नंबरचं कारण इथं आहे, आणि ते कल्चर नव्हे, पाणी आहे. कल्चरवर भाषणं होतात, चरावर कुणी बोलत नाही. जुलैत आठ-आठ दिवस झड लागते. काळ्या रानात पाणी मुरत नाही, मातीतल्या पोकळ्या भरून जातात, गाठींना प्राणवायू मिळत नाही आणि काम बंद. वरच्या अंगाची रोपं हिरवी आणि खालच्या अंगाची पिवळी असं दिसलं असेल तर दुसरं कारण शोधत बसू नका. पाणी दोन-तीन दिवसांत निघालं तर गाठी पुन्हा कामाला लागतात. आठवडाभर तुंबलं तर आत कुजतात आणि नव्या धरायला वेळ जातो.

उपाय फावड्याचा आहे. रानाच्या खालच्या बांधाला तोंड करा, मधून उताराच्या दिशेनं चर काढा. पुढच्या साली पेरतानाच दर चार-सहा ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडून तिथं सरी पाडा, किंवा रुंद वरंब्यावर पेरा. पाऊस उघडल्यावर घात (वाफसा) आली की कोळपं फिरवा, मातीचा पापुद्रा फुटून हवा आत जाते. चिखलात मात्र कोळपं घालू नका. त्यानं माती दडपते आणि पुढच्या पावसाला पाणी आणखी तुंबतं.

खानापूर, जांबोटी, बेळगावच्या पश्चिमेची तांबडी जमीन वेगळी. तिथं पाणी निचरून जातं, पण माती आंबट. सामू (पीएच) साडेपाचच्या खाली गेला की जिवाणूंचा जोर कमी होतो. शिवाय नायट्रोजिनेजला लागणारा मॉलिब्डेनम अशा मातीत अडकून बसतो. गाठी भरपूर, पण आत पांढऱ्या, असं चित्र तिथं दिसतं. माती तपासून सामू बघा आणि त्या अहवालात सांगितलेल्या प्रमाणात चुना पेरणीच्या आधी मिसळा. चुना टाकल्यावर अडकलेला मॉलिब्डेनमही सुटायला लागतो. शेणखत आणि स्फुरद कमी पडलं तरी गाठी बारीकच राहतात.

## टाकलेला युरिया गेला कुठं?

हेही जिवाणूंचंच काम, फक्त वेगळ्या जातीच्या. ओल्या मातीत युरियाचा अमोनियम व्हायला दोन-चार दिवस पुरतात. तो वरच राहिला आणि ऊन पडलं तर अमोनिया वायू होऊन उडतो, रानात गेल्यावर नाकाला कळतो. मातीत मिसळला तर नायट्रोसोमोनास त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टरसारखे दुसरे जिवाणू नायट्रेट. उबदार, ओल्या मातीत दोनेक आठवड्यांत बराचसा नायट्रेट झालेला असतो. नायट्रेट झाडाला आवडतं, पण मातीला ते धरून ठेवता येत नाही. तांबड्या रानात पावसाबरोबर ते खाली निघून जातं. काळ्या रानात पाणी तुंबलं की तिसरे जिवाणू जागे होतात. त्यांना हवा मिळेनाशी झाली की ते नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नत्र पुन्हा हवेत सोडून देतात. त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून जातो. हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जोरदार.

म्हणजे झडीनंतर तुंबलेल्या पिवळ्या रानात युरिया फेकणं, हा त्याचा सगळ्यात वाईट मुहूर्त. आणि आपण नेमका तोच साधतो. २०१५ पासून देशात शेतीसाठी तयार होणारा जवळजवळ सगळा युरिया निंबोळी तेल लावलेला असतो. त्यानं नायट्रोसोमोनासचा वेग मंदावतो, पण तुंबलेल्या पाण्यापुढं त्याचाही इलाज मर्यादित.

बेळगावलगतच्या येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या भातवाल्यांनाही हेच लागू. भरल्या पाण्यात वरून युरिया फेकला तर बराचसा असाच जातो. पाणी काढून चिखलात द्यावा आणि मग पाणी घ्यावं.

## उसाचं रान मोडून पेरलं असेल तर

पाचट गाडलेल्या रानात सोयाबीन सुरुवातीला फार फिकट दिसतं. पाचटात कार्बन भरमसाट आणि नत्र अगदी थोडं. ते कुजवणारे जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतलं नत्र ओढून घेतात. हे नत्र वाया जात नाही, जिवाणू मेले की परत मिळतं, पण काही आठवडे पिकाला उपास घडतो. ज्याच्या गाठी वेळेवर लागल्या त्याचं पीक यातून निभावतं, म्हणून अशा रानात कल्चरवर कसूर करू नका.

पाचट पेटवणं हा यावरचा उपाय नव्हे. पाचट पेरणीच्या बरंच आधी कुजवायला घ्या. टनाला आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर आणि एक किलो पाचट कुजवणारं कल्चर टाकून ओल ठेवली की काम होतं. इथं युरिया पिकासाठी नसून कुजवणाऱ्या जिवाणूंसाठी असतो, आणि तो इथंच शोभतो.

## आता पिवळं पडलंय, आत्ता काय करू?

गाठी आत लाल असतील तर काही करू नका. खरंच, काही करू नका. हे सांगितलं की लोक नाराज होतात, पण लाल गाठी असलेलं फिकट रान ऊन पडल्यावर आठ-दहा दिवसांत फिरतं.

गाठी हिरवट किंवा कुजलेल्या असतील तर आधी पाणी काढा, घात आल्यावर कोळपा आणि आठवड्यानं पुन्हा एक रोप काढून बघा. नव्या पांढऱ्या गाठी धरत असतील तर वाट बघा.

पाच-सहा आठवड्यांचं पीक आहे, रान नवं आहे आणि मुळं साफ मोकळी आहेत, तर मात्र युरिया द्या. इथं वाचवायला गाठीच नाहीत. एकरी अर्धं पोतं दोन ओळींच्या मधे, ओल असताना, आणि लगेच कोळप्यानं मातीआड. पंधरा दिवसांनी उरलेलं अर्धं. त्या रानाची नोंद ठेवा आणि पुढच्या साली शेणखतातून कल्चर सोडा.

शेंगा भरायला लागल्यावर पान पिवळं पडत असेल तर जमिनीतून काही देऊन उपयोग नाही, वेळ उरलेला नसतो. दोन टक्के युरियाची फवारणी करा. १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम, सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. कीटकनाशकात मिसळायच्या आधी बाटलीवरची सूचना वाचा. दाणे भरून झाल्यावरचं पिवळेपण म्हणजे पीक पक्व होतंय, त्याला औषध नाही.

सोयाबीन निघाल्यावर हरभरा धरणार असाल तर त्याचं पाकीट वेगळं आणा. सोयाबीनला आत्ता कितीही लाल गाठी असल्या तरी तो जिवाणू हरभऱ्याच्या मुळात शिरणार नाही. जोंधळा घेणार असाल तर सोयाबीन उपटू नका, विळ्यानं कापा. मुळं, गाठी आणि गळालेला पाला रानातच राहिला तर जोंधळ्याला नत्राचा थोडा हात मिळतो. दाणे बाजाराला, भुसा गोठ्याला आणि मुळंही बांधावर, असं केलं तर सोयाबीनचं बिवड चांगलं म्हणण्यात फारसा अर्थ राहत नाही.

इतकं करूनही दोन साली तेच झालं तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात किंवा तुक्कानट्टी, मत्तिकोप्पच्या कृषी विज्ञान केंद्रात जा. जाताना नुसती पानं नेऊ नका. पिवळ्या आणि हिरव्या जागेतलं एकेक रोप मुळासकट, ढेकूळ न सोडवता, ओल्या गोणपाटात गुंडाळून न्या, आणि दोन्ही जागांची माती वेगवेगळ्या पिशव्यांत. गाठी मात्र रानातच चिरा आणि चिरल्याबरोबर फोटो काढा. तिथं पोचेपर्यंत रंग गेलेला असतो.